रडरची दोरी

दोरी ओढते. ढकलत नाही.
म्हणून दोन लागतात, रडरच्या दोन्ही अंगांना,
आणि एक ओढत असताना दुसरीनं
वाट द्यायची, पण ढिलं पडायचं नाही.
एवढं समजायला मला दोन विमानं मोडावी लागली,
कुंभारीच्या माळावर.
एक बाभळीत. एक नुसतंच, मोकळ्या जागी.

पहिल्यात मासेमारीचा नायलॉन होता,
हिप्परग्याच्या तळ्यावरून मागून आणलेला,
फुकट, हिरवट, हाताला गुळगुळीत.
नायलॉन सगळं ऐकून घेतो आणि थोडंसंच करतो.
बेचाळीस अंशांत, शेपटीशी पोचेपर्यंत,
माझ्या हुकमाची विनंती झाली होती.

दुसऱ्यात सायकलच्या ब्रेकची तार,
सात रस्त्यावरून, तिचा एकच पीळ उलगडून.
पोलाद ताणत नाही, हे खरं.
पण वळणावर ते आतून एकेक केस तोडत बसतं,
कुणाला न सांगता,
आणि वरून बघणाऱ्याला तार अखंड दिसते.

तेव्हा नाना बोलले.
राजेशम गड्डम, जेकॉर्डचे फिटर,
अडतीस वर्षं चादरीवर मोर उठवले.
माग किलोवर गेले त्या दिवशी
हार्नेसच्या दोऱ्यांचं एक पोतं घेऊन घरी आले.
आई म्हणाली, पगाराऐवजी सुतळी.
"बाराशे होत्या," नाना म्हणाले,
"एक ढिली पडली की मोराचा डोळा जायचा.
तुझ्याकडे दोनच आहेत."

मग भिंतीवर खिळे.
प्लास्टिकचं कातडं घातलेली बारीक तार,
पुण्याहून मागवलेला पिवळा केवलार,
आणि पोत्यातली एक, मेण लावलेली.
प्रत्येकीला वाण्याकडचं अर्ध्या किलोचं वजन,
टोकाशी पेन्सिलची रेघ. रात्रभर.
सकाळी चष्मा पुसून नाना भिंतीशी उकिडवे बसले.
त्यांची दोरी दोन बोटं उतरली होती.
रेघेकडे जरा वेळ बघत राहिले.
"म्हातारी झाली," म्हणाले,
आणि गुंडाळून तिला परत पोत्यात ठेवलं.
केवलार जागचा हलला नव्हता.

पण केवलारला ऊन खातं.
सोलापुरात उन्हाला पुरून उरलेला धागा
मी अजून पाहिला नाही.
म्हणून तो विमानाच्या पोटातून न्यायचा,
बाहेर चार बोटं उघडा, तेवढाच;
जिथून निघतो तिथं पेनच्या रिफिलची नळी, घासू नये म्हणून;
आणि दर दिवाळीला बदलायचा,
तुटो न तुटो.

गाठीवर मी सुपरग्लू टाकणार होते.
नानांनी हात धरला.
गोंदानं गाठीची काच होते, म्हणाले,
आणि मग तुटते ती गाठीच्या शेजारी.
शिंगाच्या भोकातून फेरा घेऊन त्यांनी स्वतः मारली,
विणकराची, फणीच्या दातांतून निघून जाईल अशी.
त्यांची बोटं हल्ली चहा सांडतात.
गाठीपुरती थांबली.

मी स्क्रू फिरवत गेले,
ते दोरी छेडत, कान लावून.
अर्धा फेरा. पाव. त्याच्याही पाव.
"चालु."

आमच्या घरातल्या तेलुगूत चालु म्हणजे पुरे.
शाळेतल्या मराठीत चालू म्हणजे सुरू.
सहा वर्षांची असताना कारखान्यात
नाना कुणाला तरी चालु म्हणाले
आणि मी बटण दाबलं.
सोळा दोऱ्या तुटल्या होत्या.
मारलं नाही. तिन्हीसांजेपर्यंत सांधत बसले,
मला दिवा धरायला लावून.

रविवारी पहाटे, वारा उठायच्या आत,
माळावर विमान ठेवलं.
रडर डावीकडे, उजवीकडे, मध्ये.
मध्ये म्हणजे अगदी मध्ये.
नाना उन्हाळी टोपी सावरत मागे उभे.
"चालु," म्हणाले.
कोणत्या भाषेत, ते मी विचारलं नाही.

नऊ मिनिटं वर होतं.
उतरल्यावर त्यांनी आधी वाकून
दोरी छेडून पाहिली, डावी, मग उजवी,
आणि मग मला विचारलं,
थर्मासमध्ये चहा उरलाय का.